पाण्याखालचं ऐकणाऱ्याची मुलगी

टॅक्सी यायला तासभर होता तेव्हा बाबांनी माझ्या दोन्ही बॅगा हॉलमध्ये पुन्हा उघडायला लावल्या. नौदलातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी सामान तपासायची खोड गेली नव्हती. सतरंजीवर सगळं मांडलं गेलं: भाजणी, गोडा मसाला, कुकर, उशांचे अभ्रे, माझी एम.टेक.ची पुस्तकं. बाबा हात मागे बांधून त्या पसाऱ्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "यातलं अर्धं काढ. दोन वर्षांत परत यायचंय ना? मग एवढं कशाला?" मी मुकाट्याने पुस्तकं काढली. आईने त्यांची पाठ वळल्यावर मसाल्याचा डबा परत आत सरकवला.

टॅक्सी आली. आई रडली, शेजारच्या काकूही थोड्या रडल्या. बाबा फाटकापाशी उभे राहिले, पण त्यांनी हात काही हलवला नाही. आमच्या घरात निघून जाणं हे नेहमी त्यांचं काम होतं. ते बोटीवर जायला निघायचे तेव्हा आम्हालाही हात हलवायची परवानगी नसायची. कुठे चाललात विचारलं की म्हणायचे, "पाण्यात." आल्यावर कुठे होतात विचारलं तरी तेच.

तळेगावात आणि पुण्यात राहिलेल्या माझ्या माणसांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. आणि इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेत, डब्लिनमध्ये, वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात जे माझ्यासारखे येऊन पडलेत त्यांच्यासाठीही. तुमची सगळ्यांची समजूत आहे की स्वातीचं झकास चाललंय. गणपतीला भेटलं की तुम्ही विचारता, "काय मग, अजून देवमासेच का?" आणि मी हसते. आता हसायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सांगून टाकते.

मी आले ती गॉलवेच्या गोदीजवळच्या एका छोट्या कंपनीत. लांबट शेड, सात माणसं, एक किटली आणि प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, कायम संपलेली बिस्किटं. मालक डोनल, कोळ्याच्या घरातला, शिकून इंजिनिअर झालेला. आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्र एकदम खोल होतो. तिथे तळाशी आम्ही मायक्रोफोन सोडायचो आणि काही महिन्यांनी वर काढायचो. समुद्रात पवनचक्क्या उभारणाऱ्यांना आणि मासेमारी खात्याला जाणून घ्यायचं असायचं की इथून देवमासे किती जातात, कधी जातात. देवमासा खोल पाण्यात टकटक आवाज करतो, दारावर कुणीतरी न थकता वाजवत राहावं तसा. पण त्या आवाजावर जहाजांच्या इंजिनांचा कचरा पसरलेला असतो. तो कचरा काढून देवमासा वेगळा करणारा प्रोग्राम लिहिणं हे माझं काम.

पहिलं वर्षभर तो प्रोग्राम माझा अंत बघत होता. मासेमारीची बोट गेली की तो खुशाल देवमासा म्हणून मोजायचा. एका रविवारी मी कंटाळून बाबांना त्यातला एक तुकडा पाठवला, नुसती गंमत म्हणून. असले तुकडे तेव्हा कंपनीच्या वेबसाइटवर होते, डोनल ते शाळांमध्ये जाऊन मुलांना ऐकवायचा. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, हे आत्ताच सांगून ठेवते.

बाबांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला. हेच आश्चर्य.

"मासा ठीक आहे," ते म्हणाले. "पण त्याच्या मागे एक जहाज आहे. चार पात्यांचा पंखा. त्यातलं एक पातं वाकलंय, म्हणून दर चौथा ठोका जड येतो. तू ठोके मोजत नाहीस का?"

मी मोजत नव्हते. मला कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या वडिलांनी वीस वर्षं कानाला हेडफोन लावून पाण्याखालचे आवाज ऐकण्याची नोकरी केली, हे मला वरवर माहीत होतं, पण म्हणजे नक्की काय केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यानंतर दर रविवारी मी तुकडा पाठवायचे आणि ते वहीत लिहायचे: पाती किती, इंजिन कुठल्या जातीचं, मागे पाऊस आहे की नाही. हो, पाऊस समुद्राच्या तळाशी ऐकू येतो, तोही त्यांनीच ओळखायला शिकवला. मी ते सगळं गणितात बसवत गेले. सहा वर्षं हे चाललं. आमचा प्रोग्राम असा सुधारला की डोनल लोकांना सांगायचा, "स्वातीच्या डॅडना मी एक पाइंट बिअर देणं लागतो." आई म्हणायची, "माझ्याशी चाळीस वर्षांत एवढं बोलले नाहीत." तिच्या आवाजात तक्रार होती, पण खोटी.

त्या सहा वर्षांत माझं लग्न झालं. समीर इथल्याच एका कंपनीत, हृदयात बसवायची यंत्रं बनवतो. इरा झाली. तिला मराठी समजतं आणि उत्तर ती गॉलवेच्या इंग्रजीत देते. दोन वर्षांचं काय झालं हे बाबांनी एकदाही विचारलं नाही. रविवार होता ना. मला वाटतं त्यांचीही सोय झाली होती आणि माझीही.

मग जग फिरलं. युरोपात युद्ध पेटलं, समुद्राच्या तळाच्या केबली कुठे कुठे तुटू लागल्या, आणि अनोळखी जहाजं आयर्लंडच्या किनाऱ्याबाहेर केबलींवर घिरट्या घालताना दिसू लागली. या देशाकडे लढाईची जहाजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि अर्ध्या जगाचं इंटरनेट याच्या पायाखालून जातं. तिकडे आणखी उत्तरेला बर्फ पातळ होत चाललेला. बर्फ वितळतोय म्हणून आम्ही शाळांमध्ये अस्वलांची चित्रं दाखवत होतो, तेव्हा बाकीचे नकाशे पसरून बसले होते. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्यामधलं थंड पाणी म्हणजे आता सगळ्यांना हवी असलेली खिंड. तिथून कुठली पाणबुडी कधी खाली उतरते हे ज्याला ऐकू येईल तो शहाणा. त्यामुळे ज्यांनी आम्हाला आजवर दारात उभं केलं नव्हतं ते बिस्किटं घेऊन शेडमध्ये यायला लागले.

उत्तरेकडच्या एका देशातल्या संरक्षण कंपनीने आमच्यात निम्मा वाटा घेतला. त्यांना माझाच प्रोग्राम हवा होता, फक्त उलटा चालवून. इतकी वर्षं मी जहाजं पुसून देवमासे ठेवत होते, आता देवमासे पुसायचे आणि जहाजं ठेवायची. डोनलला हे सांगताना जड जात होतं, पण सात माणसांचे पगार त्यालाच द्यायचे होते. मला मात्र लाज वाटायच्या ऐवजी आनंद झाला, हे कबूल करते. जे बाबांनी जन्मभर केलं, आणि ज्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, ते काम माझ्याकडे चालत आलं होतं.

अट एकच. या कामाला सुरक्षा मंजुरी लागणार होती, आणि भारतीय पासपोर्टवर ती मिळत नाही. आयरिश नागरिकत्वाला मी कधीची पात्र होते, फक्त बाबांमुळे अर्ज करत नव्हते. ज्या माणसाने एका झेंड्याखाली उमेदीची सगळी वर्षं घालवली त्याला हे कसं सांगायचं? शेवटी फोनवर सांगितलं.

"कामासाठी घेतेयस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग काम नीट कर." एवढंच म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

किलार्नीला एका मोठ्या हॉलमध्ये शेकडो लोकांबरोबर मी शपथ घेतली. डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजला भारतीय वकिलातीत जाऊन जुना पासपोर्ट जमा केला. तो कोपरा कापून, शिक्का मारून परत मिळाला. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. बसस्टॉपवर उभी असताना फक्त एवढंच वाटलं की आता काम तरी माझं आहे.

आता फॉर्मबद्दल. तुम्ही हसाल, हसा.

फॉर्ममध्ये एक पान होतं: परदेशी लष्करात, नौदलात किंवा संरक्षण संशोधनात असलेले किंवा पूर्वी असलेले जवळचे नातेवाईक. समीरला मी म्हटलं, जवळचे म्हणजे किती जवळचे? तो कांदा चिरत होता, म्हणाला, "आईवडील, नवरा, भावंडं. संपलं." पण मी कोणाची मुलगी? अर्धवट फॉर्म भरणं आमच्या घरात चोरीइतकं वाईट. शिवाय लग्नाच्या वेळी माझी जी माहितीपत्रिका आईने छापली होती, तीत मामा काय करतात, आत्याचे यजमान कुठल्या हुद्द्यावर, सगळं होतं. जवळचे नातेवाईक म्हटलं की आपल्याकडे तेच येतं. मी लिहीत गेले. बाबा. संरक्षण प्रयोगशाळेतला मामा. वायुदलातले आत्याचे यजमान. चुलतभाऊ, तो सैन्यात. मामेबहिणीचा नवरा. वेगळा कागद जोडावा लागला. अकरा नावं झाली. आणि खरं सांगायचं तर लिहिताना छाती फुगली होती. मला वाटलं, हे वाचून त्यांना समजेल की आम्ही कसल्या खानदानातले.

शेवटचा रकाना होता, प्रत्येकाशी संपर्काचं स्वरूप. मामापुढे लिहिलं, दिवाळीला फोन. बाबांच्या नावापुढे मी खरं ते लिहिलं: दर आठवड्याला मी त्यांना समुद्रातल्या आवाजांचे नमुने पाठवते आणि ते मला त्यांचा अर्थ समजावून सांगतात. आपल्याकडे प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार मानतात ना, त्याच भावनेने. ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव घ्यायचं नाही, ही कल्पनाच माझ्या डोक्यात आली नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर नीव्ह बसते. तिचा सख्खा काका परक्या नौदलात होता, ख्रिसमसला सगळ्यांना गोष्टी सांगतो. तिने दोन नावं लिहिली, आई आणि भाऊ. "काका?" ती म्हणाली, "अरे देवा, काकांना कोण मोजतं?" तिला तीन आठवड्यांत मंजुरी आली.

मला मुलाखतीला बोलावलं. बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात छोटी खोली, चहा, खिडकीबाहेर नीट कापलेली हिरवळ. भागीदार कंपनीकडून आलेले दोघे, एक बाई आणि एक तरुण. फार सभ्य. बाईंनी विचारलं, हे नमुने पाठवायची कल्पना कोणाची? माझी. वडिलांनी कधी विशिष्ट जागेचे नमुने मागितले? नाही, म्हणजे हो, एकदा वादळातले मागितले होते. कशासाठी? ऐकायला. ते याची नोंद ठेवतात का? ठेवतात, वहीत. त्या वह्या कुठे असतात, कोण बघतं, त्यांना भेटायला जुने सहकारी येतात का? येतात, संक्रांतीला येतात, तिळगूळ घ्यायला. तिळगूळ म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. तरुणाने तेही लिहून घेतलं. त्याची लेखणी थांबेपर्यंत मला कळलं नव्हतं की मी काय करतेय. मग कळलं. त्या बाई उठताना म्हणाल्या, "तुम्ही अगदी मोकळेपणाने बोललात, थँक यू."

नकार दोन ओळींत आला. कारण द्यायची पद्धत नाही. त्याच दुपारी माझा लॉगिन बंद झाला. मीच लिहिलेला प्रोग्राम, त्यातल्या निम्म्या ओळींवर माझी सही, आणि स्क्रीनवर लिहून येतं की तुम्हाला हे पाहण्याचा अधिकार नाही. शेडच्या मधोमध कुलूप असलेलं काचेचं दार बसलं. त्याच्या आत सहाजण, बाहेर मी आणि किटली. डोनल शेजारी येऊन बसला. "इट्स नॉट पर्सनल, स्वाती," तो म्हणाला. मी म्हटलं, माझ्या वडिलांमुळे आहे डोनल, याहून पर्सनल काय असतं? मग त्याने मला सही करायला एक कागद दिला: यापुढे कुठलाही ध्वनी, जुना असो वा नवा, कंपनीबाहेरच्या कोणाला पाठवणार नाही. शाळांसाठी वेबसाइटवर ठेवलेले तुकडे आधीच उतरवले होते.

मी दुसरी नोकरी का नाही बघितली? विचारा. समीरने विचारलं, आईने विचारलं. कारण या कामासाठी मी एक देश देऊन बसले होते. ते काम सोडून जायचं तर तो कशासाठी दिला?

त्या रविवारी बाबांचा फोन आला. मी सांगितलं, मशीन बिघडलंय, या वेळी काही नाही. पुढच्या रविवारी म्हटलं, बोट वादळामुळे गेली नाही. तिसऱ्या रविवारीही असंच काहीतरी सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या आवाजातला जड ठोका ओळखणारा माणूस, त्याला लेकीचा कळणार नाही असं मी कशावरून धरून चालले होते, देव जाणे.

"मला सांगू नकोस," बाबा म्हणाले. "सांगता येत नसेल तर अजिबात सांगू नकोस." आणि मग, "इराला सर्दी होती ना, कशी आहे आता?"

पुढच्या बुधवारी सकाळी आईचा फोन आला, मी शेडमध्येच होते. आवाज दबका. "काय झालंय गं तुमच्यात? काल यांनी त्या सगळ्या वह्या बंबात घातल्या. सहाच्या सहा. एकेक पान फाडून घालत होते, पूर्ण जळल्याशिवाय पुढचं टाकत नव्हते. कॉम्प्युटरमधलं पण काढलं म्हणे, शेजारच्या प्रसादला बोलवून. मी म्हटलं, अहो असू द्या की, तर म्हणाले, तुला यातलं कळत नाही."

तासाभराने बाबांचा फोटो आला, म्हणजे एका कागदाचा फोटो. आखीव कागद, त्यांचं ते सरळ उभं अक्षर, नोकरीत असताना लिहायचे तसं इंग्रजी. की खाली सही करणारा मी, अमुक नंबरचा निवृत्त नौसैनिक, जाहीर करतो की माझ्या मुलीकडून आलेले सर्व ध्वनी आणि त्यावरील माझ्या नोंदी मी साक्षीदारासमक्ष नष्ट केल्या आहेत. त्यांची प्रत कोणाकडेही नाही. यात माझ्या मुलीचा दोष नाही. खाली सही, साक्षीदार म्हणून आईची सही. आणि मराठीत एक ओळ: तुझ्या वरिष्ठांना दाखव, बहुतेक काम होईल.

मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. एरवी मी रडणारी नाही. त्यांना काहीही न सांगता सगळं कळलं होतं, आणि त्यांना वाटत होतं की एका नौसैनिकाचा शब्द दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावर चालतो. तो कागद मी कोणाला दाखवणार होते? परक्या नौदलाचा नंबर घातलेलं पत्र, तेही पुरावे नष्ट केल्याचं सांगणारं. डोनलला दाखवलं असतं तर त्याला ते वर कळवावं लागलं असतं. मी फोटो पुसला. बाबांना लिहिलं, पाठवला, आभार. त्यांच्याशी मी एवढं मोठं खोटं आधी कधी बोलले नव्हते.

तुम्ही विचारता ना, घर आता कुठलं वाटतं, तिकडचं की इकडचं? पूर्वी मी छान छान उत्तरं द्यायचे. दोन्हीकडचं, मनातलं, वगैरे. आता मला वाटतं घर म्हणजे ज्यांच्याशी बोलण्याआधी वाक्य दोनदा तपासून घ्यावं लागतं ती माणसं. परक्यांशी मी बिनधास्त बोलते. बसमधल्या आजीबाईंना माझा पगारसुद्धा माहीत आहे.

रविवारचा फोन अजून होतो. बाबा वेळ चुकवत नाहीत. तिकडे ऊन किती, इकडे वारा किती. त्यांचे गुडघे. जेवलीस का? जेवले, तुम्ही? पोळी-भाजी. आई म्हणते, हल्ली यांना फोनवर बोलायला काही सुचत नाही, म्हातारे झाले.

नकारानंतर वर्षाने पुन्हा अर्ज करता येतो. परवा डोनलने नवा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला, म्हणाला, "या वेळी थोडक्यात लिही, प्लीज." अकरा नावं पुन्हा लिहिली, कारण एकदा दिलेली नावं परत घेता येत नाहीत. बाबांच्या नावापुढचा रकाना मी शेवटपर्यंत रिकामा ठेवला होता. बाकी सगळं भरून झालं, तारीखही घातली, तेव्हा परत त्या पानावर आले. तिथे काय लिहिलं की मंजुरी मिळते, हे एव्हाना मला पक्कं ठाऊक होतं. बाबांचा माझ्या कामाशी काही संबंध नाही, असं लिहायचं. खोटं लिहायची तयारी करूनच मी बसले होते.

मी लिहिलं: आठवड्यातून एक फोन. विषय हवा, जेवण, तब्येत. कामाबद्दल बोलणं होत नाही.

सही करण्यापूर्वी मी ते वाचून बघितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.